गवत वाळलं, शहर धुरकटलं

मंगोलियन भाषेत एक शब्द आहे, ‘जुड’. उच्चार अवघड नाही, आपल्या ‘जुना’मधला ‘जु’ घ्या की झालं. मराठीत मात्र त्याला नेमका शब्द सापडत नाही, कारण ते संकट आपल्याकडे येतच नाही. उन्हाळ्यात पाऊस कमी पडतो, गवत नीट वाढत नाही, गुरं अंगावर चरबी न धरताच हिवाळ्यात शिरतात. मग उणे ३०-४० अंशांची थंडी येते आणि कळपच्या कळप मरतात. हा जुड.

त्याचेही प्रकार आहेत बरं का! बर्फ इतकं पडतं की खालचं गवत गुरांना उकरता येत नाही, तो पांढरा जुड. बर्फ वितळून पुन्हा गोठतं आणि जमिनीवर कडक थर बसतो, तो लोखंडी जुड. आणि बर्फच पडलं नाही तर काळा जुड. कारण हिवाळ्यात नद्या-नाले गोठल्यावर गुरं बर्फ खाऊनच तहान भागवतात!

हे सगळं मंगोलियातच का, ते नकाशात दिसतं. उत्तरेला रशिया, बाकी तिन्ही बाजूंना चीन, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मुंबईची हवा समुद्रामुळे फार तापत नाही की फार गारठत नाही. मंगोलियाला ती सोय नाही. त्यात देशाची सरासरी उंची दीड हजार मीटरच्या वर. त्यामुळे उन्हाळ्यात पारा तिशी ओलांडतो, तर हिवाळ्यात राजधानी उलानबातारमध्ये रात्री उणे ३० च्या खाली घसरतो. जगातली सर्वात थंड राजधानी म्हणतात ती हीच. तिथे वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम २५०-३०० मिलिमीटर. महाबळेश्वरात एवढा एखाद्या दिवसातही पडतो!

देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा, माणसं मात्र फक्त ३५ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात ३१ लाख माणसं होती, यावरून अंदाज येईल. घोडे, मेंढ्या, शेळ्या, गाई-याक आणि उंट घेऊन गवताच्या मागे फिरणं, हे इथलं शेकडो वर्षांचं जगणं. राहायला ‘गेर’, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्यांचा गोल तंबू. काही तासांत उभा करायचा, चारा संपला की सोडून पुढे न्यायचा.

जुड तेव्हाही येतच होता. मग आता बिघडलं काय?

दोन गोष्टी. पहिली, तापमान. १९४० पासून मंगोलियाचं सरासरी तापमान दोन अंशांहून जास्त वाढलंय, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने. जमीन कोरडी पडतेय, उन्हाळ्यातल्या दुष्काळांनी गवत खुरटतंय. दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या ओळखीची आहे, काश्मिरी स्वेटर आणि मफलर! १९९० नंतर समाजवादी व्यवस्था कोसळली, कारखाने बंद पडले, सरकारी कळप लोकांना वाटले गेले. रोख पैसा देणारी वस्तू एकच उरली, शेळीची मऊ लोकर. तिच्या उत्पादनात चीननंतर मंगोलियाचाच नंबर लागतो. तेव्हा ५० लाखांच्या आसपास असलेल्या शेळ्या २०१८ पर्यंत अडीच कोटींच्या वर गेल्या. शेळी गवत मुळापर्यंत खाते, खुरांनी माती मोकळी करते. आज देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीची कमी-अधिक झीज झाली आहे.

परिणाम? २००९-१० च्या जुडमध्ये जवळपास एक कोटी जनावरं गेली. २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून जास्त. कळप गेलेलं कुटुंब गेर गुंडाळून उलानबातारच्या कडेला येतं. तिथे थंडीत शेगडी विझवून चालत नाही, आणि शेगडीत कोळसा. शहर डोंगरांनी वेढलेलं, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. कुरणातलं संकट असं शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांपर्यंत पोचतं.

सरकार गप्प बसलेलं नाही. मे २०१९ मध्ये राजधानीत कच्चा कोळसा जाळायला बंदी आली, त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा मिळू लागल्या. धुरातले कण घटले, पण सुरुवातीला कार्बन मोनॉक्साइडने विषबाधा होऊन माणसंही दगावली. २०१३ मध्ये शहराजवळ साल्खित इथे ५० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला, तरी बहुतांश वीज अजून कोळशाचीच. २०२१ मध्ये २०३० पर्यंत एक अब्ज झाडं लावायची मोहीम निघाली.

झाडांचे फोटो छान येतात. पण मंगोलियाचा जीव आहे गवतात! म्हणून त्याच २०२१ पासून लागू झालेला, जनावरांच्या संख्येवरचा कर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कमी पण सकस जनावरं पाळा, कुरणाला उसंत द्या, हा त्यामागचा विचार. तो पचायला जड आहे, कारण जुडच्या भीतीनेच मेंढपाळ जास्त गुरं ठेवतो. शंभरातली पन्नास गेली तरी पन्नास उरतील, हा त्याचा हिशोब. त्याला लोकरीचा चांगला भाव आणि गुरांचा विमा मिळाला, तरच कळप लहान ठेवायची हिंमत होईल.

मंगोलियाच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. त्यामुळे पर्यावरण, भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर या देशाचा नकाशा उघडून बघाच. आणि मॉलमध्ये ‘शंभर टक्के काश्मिरी’ असं लेबल दिसलं, तर किंमत बघताना त्या कुरणाचाही हिशोब मनात मांडून बघा.