घंटी, तिकीट, सुट्टे पैसे

सकाळी ८.३०
ऑक्युपेशनल थेरपीची खोली उघडली की मी आधी पंखा बंद करते आणि फोन कपाटात ठेवते. मार बसलेल्या मेंदूला नको ते गाळता येत नाही. पंख्याची घरघर आणि माझा प्रश्न त्याला सारख्याच जोराने ऐकू येतात.

९.००
अकरावीतला मुलगा. दुचाकीवर मागे बसला होता, हेल्मेट नव्हतं. मी अंक वाचत जाते, चार आला की त्याने टेबल वाजवायचं. सोलबर्ग आणि मटीर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पायऱ्या अजून उपयोगी पडतात: लक्ष टिकवणं, गोंगाटातून हवं ते निवडणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, दोन्ही एकदम सांभाळणं. पण अंकांत तरबेज झालेला मुलगा भौतिकशास्त्रात आपोआप तरबेज होत नाही. जगण्याशी संबंध नसलेल्या संगणकी सरावावर विसंबू नका, असं ‘इन्कॉग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ मध्येही बजावलं आहे. म्हणून लगेच त्याचंच पुस्तक उघडतो. एक परिच्छेद वाचायचा, समासात एक शब्द लिहायचा.

“अभ्यासाचा कंटाळा करतो हो, मॅडम,” आई म्हणते. कंटाळा नाही. धडकेत मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो, त्यातले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते अनेकदा दिसतही नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण घरात आळशीपणाचा शिक्का बसला की मुलं प्रयत्न सोडतात.

१०.१५
एसटीचे वाहक. त्यांचं सगळं काम म्हणजे विभागलेलं लक्ष: तिकीट, सुट्टे पैसे, थांबा, घंटी. दोन रांगांत खुर्च्या मांडल्या आहेत, इंटर्न मुली प्रवासी झाल्या आहेत. एकीने पाचशेची नोट पुढे केली, तेवढ्यात दुसरीने विचारलं, “काका, शिरवळ आलं का?” नोट हातातच राहिली, ते थिजले.

इथे घाई करून चालत नाही. डच संशोधक फासोटी यांच्या गटाने २०००मध्ये दाखवलेली रीत अशी, की मंद झालेल्या मेंदूने स्वतःसाठी वेळ मागून घ्यायचा. आम्ही एक वाक्य ठरवलं: “थांबा ताई, आधी यांचं.” ते मोठ्याने म्हणायचं. मग त्यांनाच आठवलं, सुट्टे नसले की बाकी तिकिटाच्या मागे लिहून द्यायची. धंद्यातली जुनी युक्ती, आणि आमच्या शास्त्राला हवी तीच. चौथ्या प्रवाशापर्यंत हिशेब चुकला नाही. मला फार आनंद झाला.

११.००
वाहकदादा थकले, त्यांना अंधाऱ्या खोलीत झोपवलं. हा थकवाही दुखापतीचाच भाग आहे.

दुपारी १२.३०
वॉर्ड. नव्या पेशंटला आजचा वार सांगता येत नाही. त्याला सराव नको. भेटायला एका वेळी एकच माणूस, एवढंच नातेवाइकांना सांगितलं.

२.३०
एक आजी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकतात. प्रत्येक शिट्टीला वाटीत एक वाटाणा टाकायचा, स्वयंपाक होईपर्यंत टीव्ही बंद.

४.००
कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. माणसाचं कामच त्याचं औषध, या त्यामागच्या विचारावर माझा पूर्ण विश्वास आहे. वाहकदादांच्या आगारासाठी पत्र लिहिलं: सुरुवातीला कार्यालयातलं काम द्यावं, एका वेळी एकच. मध्ये विश्रांती. गर्दीची खिडकी इतक्यात नको.