नमुन्याच्या बाटलीची साक्ष

उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला. आपल्या विहिरी त्यामुळे नासल्या, ही तेथील ग्रामस्थांची तक्रार जुनी आहे. असा वाद उभा राहिला की, ‘पाण्याचा नमुना तपासा’ अशी मागणी सर्वच बाजूंनी होते. परंतु तो नमुना कोणी, कशात आणि कोणत्या क्रमाने घेतला, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. प्रयोगशाळेचा शिक्का पाहिला की आपले समाधान होते.

कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारे पावसाचे पाणी वाटेत सापडेल ते विरघळवीत खाली उतरते. लीचेट म्हणतात ते हेच काळपट पाणी. दख्खनच्या खडकांतील भेगांवाटे ते भूजलापर्यंत पोहोचू शकते. त्यातील अमोनिया आणि क्षार साध्या चाचणीतही उघड होतात. खरी कसोटी लागते ती ‘पीफास’ रसायनांच्या बाबतीत. न चिकटणारी भांडी, जलरोधक कापड, तेलकट खाद्यपदार्थांची वेष्टने यांतून ती कचऱ्यात येतात आणि निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. त्यांपैकी पीएफओए व पीएफओएस या दोहोंसाठी अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरविली. 25 लाख लिटरच्या तलावात अवघे 10 मिलिग्रॅम!

इतके सूक्ष्म मोजायचे, तर नमुना घेणारा स्वतःच संशयित ठरतो. त्याच्या अंगावरील पावसाळी कोट किंवा झाकणातील टेफ्लॉनचे अस्तर, यांतूनही तीच द्रव्ये बाटलीत उतरू शकतात. गंमत अशी की, बाष्पनशील द्रव्यांसाठी टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण असलेली काचेची कुपीच योग्य. पीफाससाठी मात्र पॉलिप्रॉपिलीनची बाटली हवी. एका बाटलीत सारे उरकण्याची काटकसर येथे चालत नाही.

क्रमाचेही तसेच. आधी लीचेटच्या डबक्यात बुडविलेले भांडे मग विहिरीत सोडले तर काय होईल? लिटरमागे 20,000 नॅनोग्रॅम पीफास असलेले लीचेट चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, जरी एक लिटर निर्मळ पाण्यात मिसळले, तरी तेथे सुमारे 100 नॅनोग्रॅम दिसू लागतात. पुढे ही चूक उघडकीस आली की खरे प्रदूषणही हसण्यावारी नेले जाते, आणि त्याची किंमत गावकरी मोजतात. म्हणून प्रथम भूजलाच्या प्रवाहात ढिगाच्या वरच्या अंगाला असलेली विहीर, मग खालच्या विहिरी आणि सर्वांत शेवटी लीचेट. प्रत्येक ठिकाणी हातमोजे नवे.

एवढ्यानेही भागत नाही. प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी त्याच जागी, त्याच हातांनी, तशाच बाटलीत ओतून तेही तपासावे लागते. हा ‘कोरा नमुना’. त्यातच 3 नॅनोग्रॅम निघाले, तर विहिरीच्या 5 नॅनोग्रॅमवर कोण विश्वास ठेवील? खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला बळी नेमका या कोऱ्या नमुन्याचा जातो. पाण्याचा अहवाल हाती येईल तेव्हा ग्रामस्थांनी आणि त्यांच्या वकिलांनी विहिरीच्या आकड्याआधी हा दुसरा आकडा मागावा. तो अहवालात छापलेलाच नसेल, तर नमुने पुन्हा घ्यायला लावावेत.