‘नक्की’ म्हणजे किती नक्की?

रविवारी बागेत जायचे का, असे मुलाने विचारले की आपण ‘कदाचित’ म्हणतो. आणि ‘कदाचित’ म्हणजे ‘नाही’, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. ‘बघू’ची तीच गत. ‘पाच मिनिटांत नक्की येतो’ म्हणून गेलेला बाप तासाने उगवतो, तेव्हा ‘नक्की’चाही निकाल लागतो. क्वचित, कदाचित, बहुधा, हमखास, नक्की, अशी शक्यतेची चढती मापे आपल्या भाषेत तयार आहेत. ती मोठ्यांनीच वाकडी करून ठेवली आहेत. पुढे दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण येते, तेव्हा मुले सूत्र घोकून गुण मिळवतात आणि मोकळी होतात.

मीही त्यातलाच. माझे वडील इस्पितळात होते. सहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘आजोबा घरी येणार ना?’ मी म्हणालो, ‘नक्की येणार.’ डॉक्टरांनी मला तसे मुळीच सांगितले नव्हते. आजोबा आले नाहीत. पुढे कितीतरी महिने मी ‘नक्की’ म्हटले की ती विचारी, ‘खरं नक्की, की आजोबांसारखं?’

तेव्हा एका संध्याकाळी आम्ही चिंचोके घेऊन बसलो. दहा चिंचोके, पैकी एकाला चुन्याचा ठिपका. डब्यात घालून खुळखुळवायचे, न बघता एक काढायचा, पाटीवर रेघ मारायची आणि चिंचोका परत डब्यात टाकायचा. मात्र काढण्यापूर्वी सांगायचे, ठिपक्याचा येईल का? ती म्हणाली, ‘येणार!’ लहान मुलाला जे हवे असते तेच होणार असे वाटते. (मोठी माणसेही लॉटरीचे तिकीट घेताना याहून शहाणी नसतात.) मी म्हटले, ‘बहुधा नाही येणार.’ आणि श्रोतेहो, पहिल्याच खेपेला ठिपक्याचा आला! ‘म्हणजे तुम्ही खोटं बोललात,’ पोरीने निवाडा दिला.

खरी अडचण इथेच आहे. ‘बहुधा नाही’ हे विधान एका चिंचोक्याने खरे किंवा खोटे ठरत नाही; त्याला वीस-तीस रेघा लागतात. आम्ही वीस वेळा काढले. ठिपक्याचा एकूण तीनदा आला, साधा सतरा वेळा. मग ठिपके वाढवत गेलो. पाच झाले तेव्हा ‘सांगता येत नाही’ हे उत्तर तिने आपणहून दिले. नऊ झाले तेव्हा ‘नक्की!’ म्हणाली, थोडी थांबली, आणि उरलेला साधा चिंचोका आठवून तिने तो शब्द परत घेतला. दहाही ठिपक्यांचे झाले, तेव्हाच ‘नक्की’.

ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी यादृच्छिकतेच्या कल्पनेवर १९५१ साली फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या एका प्रयोगात पेटीच्या एका कडेला तांबड्या आणि पांढऱ्या गोळ्या वेगवेगळ्या मांडून पेटी झोक्यासारखी कलती करीत. गोळ्या मिसळत जात, तरी त्या आपापल्या जागी परत येतील असे लहान मुलांना वाटे. एवढ्या वयात यदृच्छेची समज नसते, असे त्यांचे म्हणणे. एफ्राइम फिशबाइन यांनी १९७५ च्या पुस्तकात वेगळी बाजू मांडली : शिकवण्याआधीही मुलांजवळ तिची कच्ची जाण असते. मला फिशबाइन जवळचे वाटतात. पण ती जाण बोलून दाखवायला शब्द हवेत.

ल्युडोतल्या सहाचेच पाहा. ‘मला सहा पडतच नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. फासा सरळ असेल तर सहालाही बाकीच्या आकड्यांइतकीच संधी असते. पण तीन पडावे म्हणून कुणी वाट पाहत बसत नाही. सलग चार वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडणे, हे जवळजवळ निम्म्या वेळा घडते. मुलाला ‘नशीब खोटं’ म्हणू देण्यापेक्षा साठ वेळा फासा टाकायला लावा आणि सहाही आकड्यांच्या रेघा मारायला सांगा. फार तर अर्धा तास जातो.

परवा तिची आत्या गावाहून यायची होती. गाडी वेळेवर येईल का, असे मीच मुलीला विचारले. तिने खिडकीतून पाऊस पाहिला आणि म्हणाली, ‘बहुधा नाही. चार ठिपके धरा.’