मिरचीवरील फुलकिडे व त्यांच्या नांवांचा फेरफार

पिकावर कीड पडली म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘औषध कोणतें?’ हा होय. प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्याच्या आधीं ‘कीड कोणती?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तोच पुष्कळदां राहून जातो. शास्त्रज्ञ लोक किड्यांच्या नांवांविषयीं वर्षानुवर्षें वाद घालतात, नांवें बदलतात, दोन जातींची एक करतात व एकीच्या अनेक करतात, हें ऐकून कित्येकांस हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. तो तसा नाहीं, व त्यांत आपल्या खिशाचाहि संबंध आहे, हें मिरचीवरील फुलकिड्यांच्या हकीकतीवरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

फुलकिडा हा प्राणी फारच लहान. पूर्ण वाढलेला किडा बहुधा एक ते दोन मिलिमीटर लांबीचा, म्हणजे तिळाच्या दाण्याहून लहान असतो. त्याचे पंख अरुंद पट्टीसारखे असून त्यांच्या कडांस केसांची झालर असते. तोंडाची रचना विलक्षण आहे. उजवा जबडा वाढतच नाहीं, केवळ डावा असतो. त्या एका जबड्यानें तो पानाची किंवा फुलाची त्वचा भोसकतो व आंतील रस शोषून घेतो. मिरचीवर आढळणाऱ्या जातींची मादी पानाच्या गाभ्यांत अंडीं घालते, म्हणून तीं बाहेरून दिसत नाहींत. पुढें पिलें खाऊन वाढतात, आणि बहुतेक जातींत कोषासारखी अवस्था मातींत किंवा पाचोळ्यांत जाते. नराशी संयोग न होतांहि मादी अंडीं घालूं शकते. मिरचीवरील जातींत अशा अंड्यांतून नर निपजतात. एवढ्या लहान प्राण्याच्या सहा हजारांवर जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

इतक्या जाती डोळ्यांनीं ओळखणें शक्य नाहीं. तज्ज्ञ मनुष्य किडा काचपट्टीवर डिंकासारख्या पदार्थांत बसवितो व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्याची तपासणी करतो. शृंगांस सांधे किती, मानेच्या पाठीमागील कडेवर लांब केस किती, पंखाच्या शिरेवर केसांची रांग अखंड आहे कीं मध्यें तुटलेली, पोटाच्या खालच्या बाजूस केस आहेत कीं नाहींत, अशा खुणांवरून निर्णय होतो. आम्हीं महसूल खात्यांत सारा जन्म शेतांच्या चतुःसीमा तपासण्यांत घालविला. त्यामुळें हें काम आम्हांस परकें वाटत नाहीं. तेथें बांध व ओढे पाहावयाचे, येथें केस व शिरा.

मिरचीचीं पानें आवळून कडा वरच्या बाजूस वळतात व पान होडीसारखें दिसूं लागतें, त्या विकारास आपल्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. त्याचें एक मुख्य कारण म्हणजे पिवळसर रंगाचा फुलकिडा. इ. स. १९१९ मध्यें हूड या शास्त्रज्ञानें कोइमतूर येथील एरंडी व मिरचीवरील नमुन्यांवरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास ‘स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस’ असें नांव दिलें. ह्या जोडनांवांतील पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा असतो. त्याच वर्षीं बॅग्नॉल यांनीं ह्याच किड्याचें ‘हेलिओथ्रिप्स मिन्युटिसिमस’ असें नामकरण केलें. पुढें १९२५ सालीं कार्नी यांनीं, १९२७ सालीं जिराल्ट यांनीं व १९४२ सालीं रामकृष्ण अय्यर यांनीं आपापल्या परीनें नवीं नांवें दिलीं. पुढें नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर हीं सर्व नांवें एकाच जातीचीं ठरलीं. एकाच सर्व्हे नंबरावर पांच खातीं पडावीं तसा हा प्रकार झाला होता. अशा वेळीं शास्त्राचा नियम असा आहे कीं, रीतसर प्रसिद्ध झालेलें पहिलें नांव कायम राहावें व बाकीचीं त्याच्या पोटांत जावीं. म्हणून हूड यांचें नांव चालूं राहिलें.

ह्याच्या उलट प्रकारहि घडतो. बाहेरून सारखे दिसणारे किडे आंतून भिन्न असूं शकतात. इ. स. २०१५ मध्यें निरनिराळ्या देशांतील नमुन्यांच्या अनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं, डॉर्सालिस ह्या एका नांवाखालीं निदान नऊ जाती दडलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शकानेंहि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढतां येत नाहींत. त्यांतील कांहीं एकेका प्रदेशापुरत्या राहतात, तर कांहीं दूरदेशीं जाऊन पिकें बिघडवितात. एका गटाचे पोटहिस्से मोजणीशिवाय कळत नाहींत, तसेंच हें आहे. पोटहिस्से न पाहतां सर्वांस एकच धारा लावला तर अन्याय होतो. तसेंच एका ठिकाणच्या किड्यावरील अनुभव दुसऱ्या ठिकाणीं जसाच्या तसा लागूं पडेल, हें गृहीत धरणें धोक्याचें आहे.

आतां दुसऱ्या किड्याकडे वळूं, कारण शेतकऱ्याचें मोठें नुकसान त्यानें केलें. त्याचें नांव ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’. कार्नी यांनीं १९२२ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें, तेव्हां त्यास ‘आयसोन्यूरोथ्रिप्स’ ह्या वंशांत घातलें होतें. पंखाच्या पहिल्या शिरेवर केसांची अखंड रांग हें त्या वंशाचें लक्षण मानीत. पुढें असें ठरलें कीं, एवढ्या एका लक्षणावरून वेगळा वंश मानतां येत नाहीं, आणि तो किडा ‘थ्रिप्स’ वंशांत आला. त्यासहि मध्यंतरीं निराळीं नांवें पडलीं होतीं. ग्रीस देशांत गार्डिनियाच्या झाडांवर तो सांपडला, तेव्हां मौंड व कॉलिन्स यांनीं इ. स. २००० मध्यें त्याच्या ओळखींतील घोटाळा उलगडून दाखविला. आग्नेय आशियांतील मिरचीवर तो पूर्वींपासून होता, हें त्यामुळें एका नांवाखालीं वाचावयास मिळूं लागलें.

भारतांत हा किडा बेंगळूर येथें पपईवर आढळल्याची नोंद इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झाली. इ. स. २०२१ च्या हंगामांत आंध्र, तेलंगण व कर्नाटक ह्या प्रांतांत मिरचीवर त्याचा उद्रेक झाला. शेतकऱ्यांस फुलकिडा हा जुना ओळखीचा शत्रू. म्हणून नेहमींच्या औषधांच्या फवारण्या एकामागून एक सुरू झाल्या. परंतु जुना किडा कोंवळ्या पानांवर राहणारा, तर हा नवा फुलांत गर्दी करणारा. फुलें गळूं लागलीं, फळधारणा खुंटली, आणि जीं फळें धरलीं तीं वेडींवांकडीं झालीं. खर्च वाढत गेला व कित्येकांनीं उभें पीक उपटून टाकलें. शिवाय जहाल औषधांच्या माऱ्यानें फुलकिडे खाणारे उपयुक्त कीटकहि मरतात, तें नुकसान निराळेंच. नांवाच्या चुकीची किंमत ही अशी रोख मोजावी लागते.

शेतकऱ्यानें तज्ज्ञ व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पहिली पारख त्याला करतां येईल. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. खालीं वळल्या असतील तर बहुधा कोळी असतो, व त्याचा उपाय वेगळा. मग चारदोन फुलें व शेंडे पांढऱ्या कागदावर हलके झटकावे. जुन्या जातीचा किडा फिकट पिवळा, पाठीवर गडद आडव्या रेघांचा दिसतो. नव्या जातीची मादी गडद तपकिरी, किंबहुना काळसर दिसते, नर मात्र पिवळा असतो. म्हणून एकट्या पिवळ्या किड्यावरून निर्णय करूं नये. फुलांत काळसर माद्यांची गर्दी आहे काय तें पाहावें.

संशय राहिल्यास नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. ओल्या कुंचल्याच्या टोंकानें पंचवीसतीस किडे उचलून स्पिरिट घातलेल्या लहान बाटलींत टाकावे. चिठ्ठीवर पीक, गांव, तालुका, तारीख व किडे पानावर होते कीं फुलांत, हें पेन्सिलीनें लिहून ती आंतच ठेवावी. शाई स्पिरिटांत विरघळते. बाटली जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत, किंवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांपैकीं आपल्या विभागाच्या विद्यापीठांत न्यावी. फवारणी करण्यापूर्वीं नमुना घ्यावा. उत्तर येईपर्यंत निळे चिकट सापळे लावावे, व औषधें मिसळून फवारण्याचा मोह टाळावा.

आपण जमिनीच्या उताऱ्यावरील एका अक्षराच्या चुकीसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवितों, कारण त्या अक्षरावर आपला हक्क अवलंबून असतो. उभ्या पिकाच्या शत्रूचें नांवहि तितक्याच काळजीनें लिहून घेतलें पाहिजे. ह्या कामीं खर्च एका लहान बाटलीचा व एका दिवसाच्या खेपेचा आहे. तो न केल्यास काय होतें, हें शेजारच्या प्रांतांतील मिरचीवाल्यांनीं आपणांस दाखवून दिलें आहे.