‘मंजूर’ कुठून आलं, काका?

डीएफडी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? बीसीए, एमसीए नाहीतर इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचं ब्लॅक बुक आणि सबमिशनची आदली रात्र! प्रोग्रॅम तयार असतो, चालतही असतो (निदान स्वतःच्या पीसीवर). मग सीनियरच्या रिपोर्टमधले गोल आणि बाण उचलायचे, ‘लायब्ररी’च्या जागी ‘हॉस्पिटल’ टाकायचं आणि बाइंडिंगला द्यायचं. झाला डेटा फ्लो डायग्रॅम. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी पुण्यात हजेरी आणि पेरोलची सॉफ्टवेअर्स करते. माझ्या मते, आपण कॉलेजात सगळ्यात चुकीच्या वेळी शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे डीएफडी.

चिन्हं चारच. गोल म्हणजे काम. बाण म्हणजे डेटा. दोन समांतर रेघा म्हणजे डेटा ठेवायची जागा, मग ते टेबल असो, फाइल असो की लोखंडी कपाट. आणि चौकोन म्हणजे आपल्या सिस्टिमबाहेरचा माणूस किंवा खातं. १९७४ साली वेन स्टीव्हन्स, ग्लेनफर्ड मायर्स आणि लॅरी कॉन्स्टंटाइन यांनी आयबीएमच्या जर्नलमध्ये ‘स्ट्रक्चर्ड डिझाइन’ मांडलं. दशक संपता संपता टॉम डीमार्को आणि क्रिस गेन-ट्रिश सार्सन यांच्या पुस्तकांनी ही चित्रं जगभरच्या ऑफिसांत पोचवली. (गेन-सार्सन गोल काढत नाहीत, गोलसर कोपऱ्यांचे चौकोन काढतात. व्हायव्हाला यावरून मार्क कापणारे सर भेटतातच!)

फंडा असा. फ्लोचार्ट सांगतो, आधी काय आणि मग काय. डीएफडीत ‘जर-तर’ नाही, लूप नाही, घड्याळही नाही. माहिती येते कुठून आणि जाते कुठे, एवढंच तो विचारतो. त्यामुळे ज्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, तोही फळ्यासमोर उभा राहून ‘हे असं नाही हो’ म्हणू शकतो.

शिवाय चित्र स्वतःच चुगली करतं. गोलात नुसते बाण शिरताहेत आणि बाहेर काहीच येत नाही, तर ते ब्लॅक होल. बाहेर पडताहेत पण आत काहीच जात नाही, तो चमत्कार. तिसरा प्रकार सगळ्यात छुपा. आत कणीक आणि मीठ, बाहेर पुरणपोळी. बॉस, पुरण कुठून आलं?

चाकणकडच्या एका कारखान्यात मला हे पुरण सापडलं. जुनी हजेरी सिस्टिम काढून नवी बसवायची होती. रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट सह्यांसकट हातात. पंचिंग मशीनमधून येण्याजाण्याच्या वेळा घ्या, शिफ्टचे तास वजा करा, उरेल तो ओव्हरटाइम. टाइम ऑफिसच्या फळ्यावर मी गोल काढला, ‘ओव्हरटाइम काढणे’. आत एकच बाण, पंचच्या वेळा. बाहेर पडणारा बाण, ‘मंजूर ओव्हरटाइम’.

‘‘काका, यातलं ‘मंजूर’ कुठून आलं?’’

टाइम ऑफिसचे काका रिटायरमेंटला टेकलेले. ‘‘ते होय? ते माझ्या वहीत असतं की.’’ ड्रॉवर उघडला. शंभर पानी वही.

भानगड अशी, की रात्रपाळीचा माणूस आला नाही की दुसऱ्या पाळीवाला तसाच मशीनवर थांबतो आणि सकाळी बाहेर पडतो. मशीनचा दिवस मात्र बाराला संपतो. येण्याचा पंच एका तारखेला, जाण्याचा दुसऱ्या. मशीनच्या लेखी दोन्ही अर्धवट, म्हणजे मिसपंच. मग सुपरवायझर चिठ्ठी पाठवणार, काका ती वहीत उतरवणार आणि महिनाअखेर मस्टर हाताने दुरुस्त करणार. मॅनेजरसाहेब म्हणाले, असं आमच्याकडे क्वचित होतं. काकांनी वही पुढे सरकवली. त्या महिन्याची चार पानं भरलेली होती.

नव्या सिस्टिमने हे तास गपचूप शून्य केले असते. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. सबंध रात्र उभं राहून केलेल्या, दुप्पट दराच्या कामाचे पैसे गेलेत, हे त्या माणसाला पगाराच्या दिवशी कळलं असतं, स्लिप हातात पडल्यावर.

फळ्यावर ‘मिसपंच दुरुस्ती’ हा नवा गोल आला. सुपरवायझरचा चौकोन आला, वहीच्या जागी दोन रेघा आल्या. खरी मजा पुढे, प्रोग्रॅमचे तुकडे पाडताना. एका मॉड्यूलने एकच काम नीट करायचं, याला म्हणतात कोहेजन. आणि मॉड्यूल्सना एकमेकांत किती गुंतवलंय, ते कपलिंग. ते जितकं कमी तितकं बरं. आमच्या ओव्हरटाइमच्या मॉड्यूलला फक्त माणूस, तारीख आणि पक्के तास मिळायचे. ते अंगठ्याने आले की कार्डाने, त्याला पत्ताच नाही. पुढे कारखान्याने चेहरा ओळखणारं मशीन घेतलं, तेव्हा पंच वाचणारा तेवढा गोल नव्याने लिहिला. पगाराच्या हिशेबाला हातही लावला नाही.

यूएमएल आणि अ‍ॅजाइलच्या जमान्यात डीएफडी जरा ओल्ड फॅशन्ड वाटतो, कबूल. साठ पानांचे डायग्रॅम काढा असं मी मुळीच म्हणत नाही, दोन लेव्हल पुष्कळ झाल्या. पण सिक्युरिटीवाल्यांनी तो कधी टाकला नाही. थ्रेट मॉडेलिंग करताना ते याच चित्रावर तुटक रेघ ओढतात, अलीकडे आपला भरवसा, पलीकडे नाही. रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणाची मग उलटतपासणी. हा कोण वाचू शकतो? मध्येच कोण बदलू शकतो? २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाल्यापासून आमच्या मीटिंगमध्ये वकीलही हेच विचारतात.

स्वतःच्या सॅलरी स्लिपवर करून बघा. एचआरची एक्सेल, पेरोलचा व्हेंडर, ईमेल, बँक, आणि होम लोनच्या एजंटला तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ती पीडीएफ. पेन्सिलच घ्या. बाण वाढत जातात.