एसटीच्या वेतनाचे कोडे आणि निजामाचा वारसा

जालना शहरातील मस्तगडचा किल्ला पहिल्या असफजाहच्या आज्ञेवरून १७२५मध्ये बांधला गेला. त्याच असफजाही राज्याने १९३२मध्ये निजाम स्टेट रेल्वेची शाखा म्हणून बससेवा सुरू केली. आरंभी २७ गाड्या होत्या आणि १६६ कर्मचारी. मस्तगड भागातून एसटी स्थानकाकडे निघालेल्या प्रवाशाला हा इतिहास अनावश्यक वाटेल. पण एसटी कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा वाद समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करणे सोयीचे.

निजामाच्या राज्यात बस चालविणारा हा राज्याचा नोकर होता. १९५१नंतर हे काम हैदराबाद राज्याच्या खात्याकडे आले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाड्यातील सेवा मुंबई राज्याकडे आली. तेलंगणातील भाग १९५८मध्ये आंध्र प्रदेशच्या महामंडळात गेला. पुढे दोन्हीकडचे कर्मचारी महामंडळाचेच राहिले. मात्र १ जानेवारी २०२०पासून आंध्रने आपल्या सुमारे ५० हजार परिवहन कर्मचाऱ्यांना शासकीय सेवेत सामावून घेतले. तेलंगणाच्या विधानसभेने ऑगस्ट २०२३मध्ये तसेच विधेयक मंजूर केले. महाराष्ट्रात २०२१-२२च्या दीर्घ संपाची मुख्य मागणी हीच होती. परंतु उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा निष्कर्ष काढला आणि एप्रिल २०२२मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले.

शासकीय कर्मचाऱ्याचे वेतन वेतन आयोग ठरवितो. एसटीत ते मान्यताप्राप्त संघटनेशी होणाऱ्या चार वर्षांच्या करारातून ठरते, आणि करार रेंगाळला की वेतनही रेंगाळते. संप सुरू असताना नोव्हेंबर २०२१मध्ये शासनाने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढे २,५०० रुपये. त्या वेळी दिलेल्या उदाहरणात नव्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० झाले आणि दहा वर्षांवरील कर्मचाऱ्याचे १६,००० वरून २०,०००. अल्पवेतनी नवख्याला मोठा दिलासा मिळाला, हे योग्यच. मात्र दोघांतील अंतर ३,९२० वरून २,९२० रुपयांवर आले. घाटातील वळणे अंगवळणी पडलेल्या चालकाच्या दशकभराच्या अनुभवाचे मोल एका निर्णयाने हजार रुपयांनी घटले. ही असमानता दूर व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडले. त्या वेळी सर्वांची एकूण वाढ ६,५०० रुपये करण्यात आली आणि आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती केली गेली.

प्रशिक्षणाचा प्रश्न याला लागूनच आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. अवजड वाहनाचा परवाना हाती असला म्हणजे माणूस एसटीचा चालक होत नाही. भोसरी येथे महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. २०१९मध्ये निवडलेल्या महिला उमेदवारांसाठी वर्षभराचे प्रशिक्षण ठरले होते. मध्ये कोरोना आला आणि पहिल्या महिला चालकाच्या हाती प्रवासी गाडी आली ती जून २०२३मध्ये. कार्यशाळांत आयटीआय झालेले शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर काम शिकतात. म्हणजे कुशल माणूस घडविण्याचा वेळ आणि खर्च महामंडळ उचलते.

आणि नेमका तोच माणूस पुढे टिकावा, यासाठीची व्यवस्था सैल होत चालली आहे. संपकाळात खासगी संस्थांमार्फत कंत्राटी चालक घेण्यात आले. भाडेतत्त्वावरील विद्युत गाड्यांवर चालक कंत्राटदाराचा आणि वाहक एसटीचा असतो. एकाच गाडीत दोन मालक, दोन सेवाशर्ती. सप्टेंबर २०२५मध्ये महामंडळाने १७,४५० चालक व सहायक तीन वर्षांच्या कंत्राटावर घेण्याचे जाहीर केले. किमान वेतन सुमारे ३० हजार रुपये आणि प्रशिक्षणाचीही हमी, असे त्यात म्हटले होते. आकडा २०२१च्या तुलनेत निश्चितच बरा आहे. पण येथे सेवाज्येष्ठतेला अर्थ उरत नाही. तीन वर्षांत मार्ग, गाडी आणि प्रवासी ओळखू लागलेल्या चालकाचे चौथ्या वर्षी काय, याचे उत्तर कंत्राटाच्या अटींत असायला हवे. कारण त्याच्या शिक्षणाचा खर्च अखेर तिकिटातून आणि शासनाच्या तिजोरीतूनच होणार आहे.