कार्कासॉनचं जेवण: किल्ल्यात आणि किल्ल्याखाली

फ्रान्सच्या दक्षिणेला ओद नदीकाठच्या टेकडीवर कार्कासॉनचा कोट उभा आहे. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज. पडझड झालेल्या या कोटाची दुरुस्ती व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने 1853 पासून हाती घेतली आणि 1997 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. बहुतेक पर्यटक कोट पाहतात, आतल्याच एखाद्या अंगणात जेवतात आणि परततात. माझा आग्रह असा, की कोट पोटभर पाहावा आणि जेवायला मात्र खाली उतरावं.

जुना दगडी पूल ओलांडला की खालचं गाव लागतं, बास्तीद सें-लुई. 1240 च्या बंडानंतर कोटाभोवतीच्या वस्त्यांमधली माणसं हाकलली गेली. पुढे राजा नवव्या लुईने त्यांना नदीपलीकडे वसू दिलं, म्हणून इथले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, आखीव आहेत. मधोमध प्लास कार्नो हा चौक. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी तिथे भाजीबाजार भरतो. भोवतीच्या खानावळींत गावातली माणसं दुपारचं जेवतात, आणि गावकरी जिथे जेवतात तिथे स्वयंपाकी हयगय करत नाही.

इथे येऊन खायचं ते कासुले. पांढरा घेवडा, बदकाचं मांस, डुकराचं मांस आणि सॉसेज मातीच्या पसरट कुंड्यात घालून मंद आचेवर तासन् तास शिजवायचं. बदक आधीच स्वतःच्या चरबीत मुरवून शिजवलेलं असतं. घेवडा रात्रभर भिजवून डुकराच्या कातडीबरोबर उकडलेला असतो. भट्टीत वर तांबूस साय धरते, ती मोडून आत ढकलायची, पुन्हा धरू द्यायची. सात वेळा मोडावी, असं जुने लोक सांगतात. कार्कासॉनच्या कुंड्यात कधी मेंढीचं मांस, तर शिकारीच्या दिवसांत तित्तिरही पडतो.

कासुलेवर शेजारच्या कास्तेलनोदारीचा आणि तुलूझचाही हक्क आहे. प्रॉस्पेर मोंतान्ये हा नामांकित पाककोविद कार्कासॉनचाच. ख्रिस्ती त्रैक्याची उपमा देऊन त्याने कास्तेलनोदारीला पित्याचं, कार्कासॉनला पुत्राचं आणि तुलूझला पवित्र आत्म्याचं स्थान दिलं. स्वतःच्या गावाला त्याने दुसरा मान दिला, हे मला फार आवडतं. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी वेढलेल्या कास्तेलनोदारीत लोकांनी उरलंसुरलं एकत्र शिजवलं आणि कासुले जन्मलं, अशी दंतकथा आहे. पण हा घेवडा मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाच्या आधी तो युरोपात नव्हताच. त्या वेढ्यात काही शिजलं असेल, तर ते बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांचं. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही याच अमेरिकी कुळातला आहे.

एक सावधगिरी हवी. कासुले डब्यातही मिळतं आणि डबा गरम करायला वेळ लागत नाही. म्हणून फलकावर घराचं छप्पर हेच झाकण असलेल्या पातेल्याचं चिन्ह शोधावं. 2014 पासून फ्रान्समध्ये ते ‘इथेच, कच्च्या मालापासून शिजवलेलं’ याची खूण आहे. शाकाहारी माणसाने कासुलेच्या वाटेला जाऊ नये; त्यातलं मांस बाजूला काढूनही उपयोग नाही, कारण चव घेवड्याच्या दाण्यादाण्यात शिरलेली असते. त्याने भाजलेल्या पावावर शेळीच्या दुधाचं गरम चीज ठेवलेलं सॅलड मागवावं.

वेळ पाळावी लागते. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं साधारण साडेसातनंतर. मधल्या वेळेत बऱ्याच भटारखान्यांच्या चुली बंद असतात. दुपारी ठरावीक दरातलं दोन-तीन पदार्थांचं जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई यांचे पैसे पडत नाहीत. सेवेचं शुल्क दरातच धरलेलं असतं, त्यामुळे बक्षिशीची सक्ती नाही. सोबत कोर्बिएर किंवा मिनेर्व्हुआची तांबडी वाइन घेतात. दोन्ही मुलूख अगदी लगतचे. जवळच्या लिमू परिसरातली फेसाळ ब्लांकेत मात्र जेवणाआधी. सें-हिलेरच्या मठात ती 1531 मध्ये बनत होती, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

कासुलेनंतर जड गोड नको, एखादं फळ पुरे. कॉफी गोडाबरोबर न येता त्यानंतर येते. आणि बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही; जेवणाऱ्याला उठवणं तिथे असभ्य मानतात.